बारावी पुंगळी

शनिवार, २९ ऑक्टोबर २०१६. नरकचतुर्दशी. वेळ दुपारी साडेबारा. स्थळ: कॅनडा, मिल्टनमधल्या आमच्या घराचं बेसमेंट. हजर: मी, वैजयंती, वय सत्तेचाळीस, माझा नवरा सुहास, वय एक्कावन्न, हातात चहाचा मग. गैरहजर: लेक मृण्मयी, ती ओटावाला युनिव्हर्सिटीत, आणि शेजारचा ग्लेन, जो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. जखमी: एक. जखमी करणारी: मी.

त्याला आता तीन वर्षं झाली. पण ऑक्टोबर संपत आला की सबडिव्हिजनच्या पलीकडच्या शेतांतून सकाळी बंदुकांचे आवाज यायला लागतात आणि तो शनिवार परत येतो. कापलेल्या मक्यात रानहंस उतरतात, आणि बांधाआड दबा धरून बसलेले लोक त्यांना शॉटगनने पाडतात. मेलेला हंस पिसासारखा तरंगत येत नाही. ओलं पोतं गच्चीवरून टाकावं तसा आदळतो, आणि आदळल्यावरही एक पंख मारत राहतो. आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एक काकू यंदा मला म्हणाल्या, "किती छान, इथेही दिवाळीचे फटाके वाजवतात!" मी हो म्हटलं. सणाच्या दिवशी कशाला सांगा.

मी हरणाची शिकार करते. लोकांना याचं आश्चर्य वाटतं, म्हणून कारणं लिहून ठेवली आहेत. एक, गोठवलेलं मटण मला आवडत नाही. दोन, ग्लेनने शिकवलं. तीन, मला ते जमतं. ग्लेन म्हणजे आमची गल्ली ज्या शेतावर उभी आहे त्या शेताचा जुना मालक. जमीन बिल्डरला दिली, पण घर ठेवलं. आता त्याचं विटांचं जुनं घर टाउनहाउसच्या रांगेत एकटंच तिरकं उभं आहे. पेशाने तो कारखान्यात साचे बनवणारा कारागीर होता. माझी नोकरीही कारखान्यातली, गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी. दोघांचंही बोलणं पहिल्या दिवसापासून मिलिमीटरमध्ये सुरू झालं.

पहिलं हरीण मी २०१५च्या नोव्हेंबरात मारलं. उत्तरेला, गाडीने साडेतीन तासांवर, ग्लेनच्या मित्राच्या रानात. गोळी खांद्यामागे लागली. हरीण उडालं, पाठ कमानीसारखी झाली आणि ते झाडीत घुसलं. मी उठले तर ग्लेनने माझ्या जाकिटाची कॉलर धरून खाली बसवलं. "अर्धा तास," तो म्हणाला. लागलेल्या जनावरामागे लगेच धावलं तर ते भीतीने आणखी पळतं, रानात कुठेतरी एकटं हाल होऊन मरतं. म्हणून हातात घड्याळ धरून बसायचं. ती तीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब. मग रक्ताच्या खुणा धरत गेलो. ते बर्चच्या बुंध्याशी पडलं होतं, डोळे उघडे. पोट फाडलं तेव्हा वाफ माझ्या चष्म्यावर आली आणि काही दिसेना. आत कोपरापर्यंत हात घातले ते ऊबदार पाण्यात घातल्यासारखे. फुप्फुसांचा लगदा झाला होता. आतडी ओढून काढताना जो आवाज होतो तो लिहून सांगता येत नाही. मी घाबरले नाही. पायरीमागून पायरी होती, सुरी धारदार होती, आणि जे केलं त्याचा अर्थ मला ठाऊक होता. मारणं मला झेपतं, असं मी त्या दिवशी मनात लिहून घेतलं. ते अर्धंच खरं होतं.

त्यानंतर मी स्वतःच्या गोळ्या स्वतः भरायला लागले. हे काम माझ्यासारखीसाठीच काढलं असावं. उडवलेल्या गोळीची पितळी पुंगळी जपून आणायची. बार उडताना ती फुगलेली असते. ती परत मापात आणायला पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून घालायची आणि बाहेर ओढायची. त्यासाठी टेबलाला बोल्ट केलेला लांब दांड्याचा प्रेस असतो. दांडा खाली, पुंगळी आत; दांडा वर, पुंगळी बाहेर. मग नवी टोपी, मोजून दारू, वर शिसं. एकेक पायरी, एकेक टिक. फक्त एक गोष्ट विसरायची नाही: डायमध्ये घालण्यापूर्वी पुंगळीला वंगण लावायचं. खास वंगण मिळतं. त्याशिवाय पितळ पोलादाला असं चिकटतं की जणू एकाच धातूचं ओतलंय.

त्या शनिवारी वंगण संपलं होतं.

"काय ग, कारखाना बंद?" सुहास जिन्यावरून म्हणाला. पहाटे आमची पहिली आंघोळ झाली होती, उटण्याचा वास अजून त्याच्या अंगाला होता. इथे कारीट कुठून मिळणार, म्हणून त्याने दरवर्षीप्रमाणे बाथरूमच्या दारात एक ब्रसेल्स स्प्राउट, म्हणजे लिंबाएवढा कोबी, ठेवून टाचेखाली फोडलं होतं आणि "मेला रे नरकासुर" असं ओरडला होता.

"ल्यूब संपलंय."

"तुझ्या यादीत नव्हतं?"

"होतं. चौथं. टिकही केलीय."

"मग?"

"टिक केली, आणलं नाही."

तो जिन्यावरच बसला. "वैजूच्या यादीत चूक! थांब, तारीख लिहून ठेवतो."

दुकान चाळीस मिनिटांवर, आणि चार वाजता आमच्याकडे फराळाला माणसं येणार होती. शिकारीचा सीझन पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी उघडणार होता आणि मधला आठवडा मला ऑफिसात ऑडिट होतं. म्हणजे जे करायचं ते आजच. सुहास वर गेला आणि पहाटेच्या अभ्यंगाची वाटी घेऊन आला. खोबरेल. "हे घे. आमच्या आईने यावर शिवणयंत्र चालवलं, सायकल चालवली, आम्हा तिघा भावांची डोकी चालवली. तुझी पुंगळी काय चीज आहे?"

खरं तर मला कळायला हवं होतं. जगात कुणालाही कळलं असतं, फक्त खोबरेलावर वाढलेल्या माणसाला कळलं नसतं. बेसमेंटमध्ये ऑक्टोबरात सोळा-सतरा अंश असतात. वाटीतलं तेल टेबलावर ठेवताच गोठून पांढरं झालं. मी ते तळहातावर चोळून पातळ केलं आणि पुंगळ्यांना लावलं. पहिली गेली आणि आली. दुसरी, तिसरी. अकरा पुंगळ्या सुरळीत झाल्या. कपाळाला तेलाचा हात लागला, माहेरच्या दिवाळीचा वास आला, आणि मी चक्क गुणगुणत होते.

बारावी आत गेली आणि तिथेच राहिली.

दांडा वर येईना. मी दोन्ही हातांनी ओढला. टेबलाच्या कडेला पाय लावून ओढला. टेबल भिंतीपासून सुटलं. मग अंगात काहीतरी तापत वर चढलं, ते मी ओळखते, कानांच्या मागून येतं. मी दांड्यावर ओणवी होऊन सगळ्या अंगाने तो वर खेचला. कडाड असा आवाज झाला, दांडा सटकून वर आला आणि त्याची मूठ माझ्या हनुवटीवर बसली. खालचा ओठ दातांत चिरला. तोंडात रक्ताची चव आली, आणि खरं सांगते, ती मला आवडली. पुंगळी बाहेर आली नव्हती. तिच्या बुडाची कड, जिला प्रेसने धरलेलं असतं, तेवढी फाटून आली होती. आता तिला धरायला जागाच उरली नव्हती.

मी डाय प्रेसमधून काढला, व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, आवळला, वरून सळई घातली आणि हातोड्याने ठोकायला लागले. हे चूक आहे हे मला माहीत होतं. साच्याला हातोडा लावायचा नाही, हे ग्लेनने पहिल्या दिवशी सांगितलेलं, मी वहीत खाली दोन रेघा मारून लिहिलेलं. तरी ठोकत होते. प्रत्येक घावाला हातात झिणझिण्या, भिंतीवरच्या डब्यांचा खणखणाट. सळई वाकली. मी वाकड्या सळईवर ठोकलं. हनुवटीवरून रक्त टेबलावर पडत होतं.

सुहास मागे उभा होता, चहा घेऊन. त्याने पुढे येऊन बघितलं आणि म्हणाला, "अगं सोड आता. तिकडे रानात एखादं हरीण म्हणत असेल, बरं झालं बाईने खोबरेल लावलं."

त्यात काही वाईट नव्हतं. विनोद बराच होता. दुसऱ्या कुणी सांगितला असता तर मी हसले असते.

मी वळले आणि हातोडा फेकला.

निसटला, असं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. घामाने, तेलाने निसटला. तेल होतंच हाताला. पण नेमबाजीत एक गोष्ट शिकवतात: डोळा जिथे, हात तिथे. माझा डोळा त्याच्या चेहऱ्यावर होता. त्याने हात वर केला, म्हणून हातोडा डाव्या मनगटावर बसला. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. त्याच्या हातातला मग फुटला, चहा भिंतीवर गेला, हातोडा ड्रायवॉलमध्ये भोक पाडून तिथेच अडकून राहिला. सुहास ओरडला नाही. तो खाली बसला आणि आपल्या मनगटाकडे असं बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. मनगटाला नसावा तिथे बाक आला होता.

हात वर केला नसता तर? दीड पौंडाचा हातोडा, सहा फुटांवरून, कपाळ. मी तपासणीच्या खात्यात काम करते; असले हिशेब माझ्या डोक्यात आपोआप होतात. त्या दुपारी झाला, आणि तीन वर्षं झाली तरी थांबलेला नाही.

माझे बाबा फेकत असत. माणसांवर नाही, असं आई म्हणायची, जणू ते त्यांचं पदकच होतं. एकदा भरलेला पितळी तांब्या फेकला, तो आईच्या कानाजवळून गेला आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आपटला. त्याला वाटीएवढा पोचा आला. आईने तो तांब्या मोडीत घातला नाही. पुढची तीस वर्षं वापरला, पोचा भिंतीकडे करून ठेवायची. पाहुणा आला की तिचा हात आधी तांब्याकडे जायचा, फिरवायला. दहावीत असताना मी ठरवलं होतं की माझ्या घरात फेकाफेक होणार नाही. म्हणूनच याद्या. प्रत्येक गोष्ट कागदावर आली की अंगात शिल्लक राहत नाही, अशी माझी समजूत होती.

गाडीत सुहास एकदाच बोलला. "फराळाच्या लोकांना फोन कर. सांग, पडलो."

"सुहास—"

"फोन कर ग."

इमर्जन्सीत अडीच तास. एक्स-रे, दोन ठिकाणी मोड. तो प्रत्येकाला तेच सांगत होता, "टूल स्लिप झालं." माझ्या ओठाकडे बघून नर्सने मला विचारलं, "आणि तुम्हाला?" मी म्हटलं, तेच टूल. मग तिने मला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. नियम असावा. पडदा कापडाचा, आवाज येत होता. तिने त्याला विचारलं, "घरी तुम्हाला सेफ वाटतं का, सर?"

नेमकं तेव्हा शेजारच्या खाटेवरचं मूल किंचाळलं. सुहास काहीतरी बोलला. एक वाक्य असावं, कदाचित दोन. मला ऐकू आलं नाही. पडदा सरकला तेव्हा नर्स फॉर्मवर लिहीत होती, आणि सुहास छताकडे बघत होता. मी आत जाऊन त्याचं जाकीट घडी घातलं. दुसरं काय करणार?

रविवारी सकाळी ग्लेन आला. मी फोनवर फक्त पुंगळी अडकल्याचं सांगितलं होतं; सुहासचा प्लास्टरमधला हात त्याने दारातच बघितला. तो ड्रिल, टॅप, एक बोल्ट आणि एक जाड पोलादी कडं घेऊन बेसमेंटमध्ये उतरला. आधी त्याने भिंत बघितली. भोक, चहाचा ओघळ. मग माझा ओठ. मग व्हाइसमधला डाय. याच क्रमाने.

"सुहासचा हात कसा आहे?"

"पडला तो."

"हं," ग्लेन म्हणाला. "हातोडाही पडला, आडवा."

त्याने ड्रिल माझ्या हातात दिलं. "तूच कर. मी सांगतो."

पुंगळीच्या बुडाच्या बरोबर मधोमध भोक पाडायचं. ड्रिल किंचाळलं, पितळेच्या पिवळ्या कुरळ्या बाहेर आल्या. "दाबू नकोस. ते आपलं आपण खाईल." मग टॅपने भोकात आटे पाडायचे: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाई केली तर टॅप आतच तुटतो आणि मग डाय कायमचा गेला. माझे हात कालचेच होते. ग्लेनने त्यांना हात लावला नाही, नुसता बघत राहिला. मग डायच्या तोंडावर कडं ठेवलं, त्यातून बोल्ट पुंगळीच्या आट्यांत बसवला आणि पाना लावला. "पाव फेरा. थांब. पाव फेरा. थांब." काल मी अंगाचा सगळा जोर लावून जे निघालं नव्हतं ते आता बोटांच्या जोराने हलत होतं. सातव्या की आठव्या फेऱ्याला एक बारीक कण्हल्यासारखा आवाज झाला आणि पुंगळी बाहेर आली. अंगभर ओरखडे, वर गोठलेल्या तेलाची पांढरी रेघ.

मला बरं वाटायला हवं होतं. उलट मला ती भिंतीवर फेकून मारावीशी वाटली. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

ग्लेनने हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि हात पुढे केला. "कपाटाच्या किल्ल्या."

"काय?"

"रायफलच्या कपाटाच्या. दोन्ही. या वर्षी तू येत नाहीयेस."

"ग्लेन, तो अपघात होता."

"वीजे," तो मला अशीच हाक मारतो, "मी चाळीस वर्षं कारखान्यात काढली. अपघात कसा दिसतो मला माहीत आहे."

मी भांडले. हरणाच्या परवान्याचा टॅग काढलाय, सुट्टी मंजूर झालीय, वंगण उद्या आणते. तो हात पुढे करून उभा राहिला, दारात उभ्या असलेल्या पोस्टमनसारखा. शेवटी मी वर जाऊन किल्ल्या आणल्या. जाताना तो म्हणाला, "सीझन संपला की देतो. पण आधी सुहासला विचार. त्याला चालणार असेल तर ये."

तो नोव्हेंबर मी घरात काढला. सुहासला शर्टाची बटणं लावून दिली, आमटी-भात कालवून दिला, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ एकटीने शोव्हल केला. तो पूर्वीसारखाच होता. मृण्मयीशी फोनवर हसला: "Baba, you're so clumsy!" "हो ना ग, तुझी आईही तेच सांगते." भिंतीतलं भोक मी स्वतः बुजवलं, घासलं, रंगवलं. आता कुठे होतं ते मलाही दाखवता येणार नाही. फक्त एक बदल झाला. मी स्वयंपाकघरात पटकन वळले, हातात पळी असो, लाटणं असो, की त्याचा डावा हात जरासा वर येतो. खांद्यापर्यंत नाही, इंच-दोन इंच. त्याला ते माहीत नसावं. मी आता वळायच्या आधी बोलते. "सुहास, वळतेय हं." तो म्हणतो, "बस आहेस का तू, सिग्नल द्यायला?"

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी ग्लेनकडे गेले. तो स्टोव्हसमोर बूट वाळवत बसला होता.

"विचारलंस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, चालेल."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खुंटीवरून किल्ल्या काढून दिल्या. मी काही विचारलं नव्हतं. एक शब्दही नाही. पुढच्या दोन्ही वर्षी मी शिकारीला गेले. दोन्ही वर्षी स्वच्छ गोळी, अर्धा तास थांबणं, रक्ताची वाट, गरम वाफ. फ्रीझर भरला. मांस शिजवलं ते मीच, वाढलं ते मीच, आणि सुहासने बोटं चाटत खाल्लं.

यंदा बंदुकीच्या लायसन्सची पाच वर्षं भरतायत. नूतनीकरणाचा फॉर्म टेबलावर आहे. नाव, पत्ता, फोटो झाले. त्यात एक प्रश्न आहे की गेल्या पाच वर्षांत हिंसेबद्दल तुमच्याविरुद्ध कुठे तक्रार झाली आहे का. तक्रार झालेली नाही. "नाही"वर खूण केली; ते खोटं नाही, आणि तेवढ्यानेच मला त्याची लाज वाटते. खाली नवऱ्याच्या सहीची जागा आहे. बरोबर राहणाऱ्या माणसाला याबद्दल काही भीती असेल तर ती त्याने कळवावी, म्हणून ती जागा ठेवलेली आहे. पहिल्या वेळी त्याने पोहे खाता खाता सही केली होती. आताही करेल. पेन दिलं तर न वाचता करेल.

म्हणून मी पेन दिलेलं नाही.

आजची यादी: विंटर टायर बसवून घेणे, झाले. चकलीची भाजणी भाजणे, झाली. मृण्मयीच्या तिकिटाचं बघणे, झाले. गटाराची जाळी साफ करणे, झाली. पाचवं काम आहे, सुहासला विचारणे की पडद्यामागे तो नर्सला काय म्हणाला. तो आत्ता समोरच्या खोलीत पेपर वाचतोय, मला इथून त्याचा चष्मा दिसतो. पाचव्यापुढची चौकट रिकामी आहे.